धुळ्याच्या गल्ल्या : स्थलांतरितांनी घडविलेले पायी चालण्याचे नगर

प्रस्तावना

धुळे शहराची रचना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असे विधान अनेकदा ऐकण्यात येते आणि ते छापलेही जाते. शहराच्या मध्यभागात प्रथमच येणाऱ्या माणसास ते सहज पटते. एकमेकींना समांतर धावणाऱ्या, आडव्या बोळांनी जोडलेल्या, नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की त्यामागे एखाद्या कुशल अभियंत्याचा हात असला पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सनावळी या समजुतीच्या विरुद्ध जाते. विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६० चा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ मध्ये रुजू झाले आणि त्यानंतर खानदेशात आले. धुळ्याची लोकसंख्या त्याआधीच, १८८१ मध्ये, १८,४४९ झाली होती. आणि १८७२ मध्येच शहरात २,६२० घरे उभी होती. विश्वेश्वरय्यांचे या भागातील नामांकित काम म्हणजे पांझरेच्या खोऱ्यातील दातर्ती येथे कालव्याचे पाणी नळावाटे पलीकडे नेणारी वक्रनलिका. ते काम त्यांच्या कीर्तीस पुरेसे आहे. शहराचे श्रेय त्यांना देण्याची गरज नाही.

ही चूक तशी लहान. पण तिचा परिणाम लहान नाही. नगर हे नकाशातून जन्मास येते, असे एकदा गृहीत धरले की नकाशा बदलला म्हणजे नगर सुधारते, हा निष्कर्ष आपोआप निघतो. जुन्या धुळ्यात आजही किराणा, सराफ, शिंपी, पिठाची गिरणी, शाळा, वाचनालय आणि देऊळ ही सर्व पायी गाठता येतात. हा गुण रस्त्यांच्या रेषांमुळे आला, की जमीन ज्या अटींवर दिली गेली आणि ती घेणारे लोक जसे होते त्यांमुळे आला, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ओसाड गावापासून पेठेपर्यंत

होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३ चा भीषण दुष्काळ यांमुळे धुळे पूर्णपणे ओसाड झाले होते. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. त्याबद्दल त्यांना इनाम जमिनी व हक्क मिळाले. सोनगीर व लळिंग या मुलखाचा कारभारही त्यांच्याकडे आला आणि त्यांनी आपले मुख्य ठाणे धुळ्यास केले. गावातील गढीची दुरुस्ती आणि गणेशपेठेची स्थापना ही त्यांचीच कामे होत.

येथे 'पेठ' हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठी राज्यव्यवस्थेत पेठ वसविणे म्हणजे केवळ जागा आखणे नव्हे. बाहेरून येणाऱ्या उदमी लोकांना कौल देणे, काही वर्षे कर माफ करणे, पुढे इस्ताव्याने तो हळूहळू चढविणे, शेटे-महाजनांचे हक्क ठरवून देणे, हे सर्व त्यात येत असे. माणूस आधी, घर नंतर आणि रस्ता त्याच्याही नंतर, असा तो क्रम होता.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडले. (फिरिश्ताच्या फारसी इतिहासाचे भाषांतर करणारे ब्रिग्ज ते हेच.) जानेवारी १८१९ मध्ये त्यांनी सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली. कारागीर दूरदूरच्या गावांहून आणावे लागले. इमारतींवरील खर्चाचा आकडा २,७०० पौंड असा नोंदलेला आहे. मात्र शहराचे भवितव्य ठरविणारी गोष्ट या इमारती नव्हेत. व्यापाऱ्यांना व इतरांना येथे राहावयास यावे म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या, आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व परक्यांना, दोघांनाही, आगाऊ रकमा देण्यात आल्या. त्यात गावकरी आणि उपरा असा भेद ठेवलेला नव्हता.

ब्रिग्जची ही योजना सामान्यतः इंग्रजी दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी त्याच गावात बाळाजी बळवंतांनी पेठ वसविली होती, हे लक्षात घेतले तर ती जुन्याच रीतीची नवी आवृत्ती दिसते. कौलाच्या जागी कंपनी सरकारची मंजुरी आली. परमुलखातील माणसाला जागा आणि आधार देऊन बोलावण्याचे तत्त्व तेच राहिले.

आकडे काय सांगतात

१८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरांत २,५०९ माणसे राहत होती. १८६३ मध्ये वस्ती दहा हजारांवर आली. १८७२ मध्ये ती १२,४८९ झाली आणि घरे २,६२०. म्हणजे त्रेपन्न वर्षांत माणसे सुमारे पाचपट वाढली, तर घरे साडेसहा पट. १८१९ मध्ये दर घरी सरासरी सहाहून अधिक माणसे होती. १८७२ मध्ये ती पाचाहून कमी झाली. दोन्ही वेळी 'घर' या शब्दाने नेमके तेच मोजले गेले असेल असे नाही, ही सावधगिरी बाळगूनही एक गोष्ट उघड होते. वाढत्या शहरात घरांवर ताण येतो आणि एकेका घरात दाटी होते, हा सर्वसाधारण अनुभव येथे उलटा झालेला आहे. बिनभाड्याच्या जागेचा आणि आगाऊ रकमेचा हा परिणाम मानण्यास हरकत नसावी.

मग गल्ल्या दाट कशामुळे झाल्या? त्याचे उत्तर ब्रिग्जच्याच वर्णनात सापडते. त्या वेळचे धुळे म्हणजे बागायतीने वेढलेले, एका बाजूस पाण्याचा पाट आणि दुसऱ्या बाजूस नदी यांच्यामध्ये कोंडलेले लहानसे गाव होते. पांझरेच्या काठची बागायत बंधाऱ्यांवर आणि फडपद्धतीवर चालणारी. अशी ओलिताची जमीन घरांसाठी कोणी सहजासहजी मोडणार नाही. त्यामुळे शहर पसरण्यापेक्षा भरत गेले. नदीने स्वतःची मर्यादा आणखी एकदा, कठोरपणे, आखून दिली. १८७२ च्या पुरात घरांचे व मालमत्तेचे मोठे नुकसान झाले.

वरील वाढीतील मोठा टप्पा मात्र धुळ्यात ठरलेला नव्हता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्यापूर्वी धुळे हे एक कचेरीचे गाव होते. या युद्धाने ते व्यापाराचे शहर झाले. चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत रेल्वेचा फाटा १९०० मध्ये आला, म्हणजे कापसाच्या तेजीनंतर तब्बल पस्तीस वर्षांनी. तोवर सारी वाहतूक मुंबई–आग्रा रस्त्याने, बैलगाड्यांवर झाली. शहराच्या मुख्य बाजारपेठेस आजही 'आग्रा रोड' म्हणतात ते यामुळेच.

खाली दुकान, वर माडी

कापसाच्या मागोमाग गुजराती वाणी, मारवाडी सावकार, भाटिये, बोहरी आले. लाडशाखीय वाणी खानदेशातलेच, त्यांचा किराण्यात व धान्यात जम होता. रंगकामात भावसार होते. उत्तर हिंदुस्थानातून १८५७ नंतरच्या धामधुमीत निघालेल्या मोमीन विणकरांचे तांडे मालेगाव, बऱ्हाणपूर, भिवंडीप्रमाणे धुळ्यातही स्थिरावले. घरात गुजराती, मारवाडी किंवा उर्दू, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि कचेरीत मराठी, अशी भाषांची वाटणी झाली. ती पुढील पिढ्यांत मराठीकडे झुकत गेली, पण अहिराणी कधी सुटली नाही. आठवड्याच्या बाजाराला आलेल्या शेतकऱ्याशी दुसऱ्या भाषेत भाव होऊ शकत नव्हता.

या लोकांनी बांधलेले घर हाच खरा नगररचनेचा घटक होय. खाली रस्त्यास लागून दुकान किंवा पेढी, मागे कोठार, वर माडीवर बिऱ्हाड, पुढे ओटा. सातपुड्यातून येणारे सागवान जवळ असल्याने लाकडी खांब, तुळया आणि नक्षीचे सज्जे परवडत. साध्या घरांना मातीचे सपाट धाबे असे, आणि उन्हाळ्यात ते पापड-कुरडयांच्या वाळवणाला व रात्री झोपण्याला उपयोगी पडे. दुकान आणि घर एकाच जिन्याने जोडलेले असल्यामुळे मालकाला कामावर जाण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नव्हता, आणि बायकामुलांना बाजारासाठी गल्लीबाहेर फारसे जावे लागत नव्हते. ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले असे. गल्लीत नवा माणूस शिरला की "कोणाकडे?" हा प्रश्न येई. त्यात चौकशीइतकाच पहाराही असे.

अशा वस्तीत संस्था उभ्या राहण्यास फार दूर जावे लागत नाही, याचे धुळे हे चांगले उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवून याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर उभारले. वकील, व्यापारी, शिक्षक हे एकमेकांच्या दारावरून रोज जात असतील तर सभेचे निमंत्रण तोंडी पोहोचते आणि वर्गणीही.

बोस्टनचे एक उदाहरण

स्थलांतरितांच्या दाट वस्तीचा अभ्यास जगात इतरत्रही झालेला आहे. त्यांपैकी बोस्टन शहरातील 'नॉर्थ एंड' हा इटालियन लोकांचा मोहल्ला धुळ्याच्या संदर्भात विशेष विचार करण्याजोगा आहे. आयरिश व ज्यू वस्त्यांनंतर विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो जवळजवळ पूर्णपणे इटालियन झाला. एका गावचे लोक एका गल्लीत राहत आणि आपल्या गावच्या संताची मिरवणूक दरवर्षी काढीत. सिसिलीतील शाक्का गावच्या कोळ्यांचा उत्सव तेथे १९१० पासून चालू आहे. अरुंद रस्ते, खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, ही रचना धुळेकरास परकी वाटणार नाही.

शहरनियोजकांच्या लेखी ही गलिच्छ वस्ती होती. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन शहरांवरील ग्रंथात दाखवून दिले, की याच वस्तीतील गुन्हे, रोगराई आणि बालमृत्यू यांचे प्रमाण शहरात सर्वांत कमी असलेल्यांपैकी होते. दाटी आणि गलिच्छपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा. शेजारच्या 'वेस्ट एंड' या वस्तीचे भाग्य तसे नव्हते. इटालियन लोक हा तेथेही सर्वांत मोठा गट होता. १९५८ ते १९६० या काळात ती सुधारणेच्या नावाखाली जमीनदोस्त झाली आणि अडीच हजारांहून अधिक कुटुंबे विखुरली गेली. हर्बर्ट गान्स या समाजशास्त्रज्ञाने पाडापाडीपूर्वी तेथे राहून केलेला अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांच्याविषयी तो होता त्यांची घरे उरलेली नव्हती.

तुलना येथेच थांबविली तर ती केवळ साम्यांची यादी होईल. खरा उपयोग आहे तो फरकाचा. नॉर्थ एंडमधील घरांच्या दुरुस्तीला बँका कर्ज देत नव्हत्या. रहिवाशांनी स्वतःच्या मिळकतीतून आणि गवंडी, सुतार, नळकारागीर यांच्या परस्पर श्रमविनिमयातून घरे सुधारली. धुळ्यात याच्या नेमके उलट घडले. परक्याला घर बांधण्यासाठी पैसा प्रथम सरकारनेच पुढे केला. एका ठिकाणी भांडवल नाकारूनही मोहल्ला टिकला, तर दुसऱ्या ठिकाणी ते दिल्यामुळे उभा राहिला. पण दोन्हीकडे घर बांधणाराच त्या घरात राहत होता आणि तेथेच धंदा करीत होता. गल्लीची रुंदी किती फूट, यापेक्षा ही बाब अधिक निर्णायक ठरली.

रस्त्याच्या बाबतीतही एक विरोध दिसतो. बोस्टनमध्ये १९५० च्या दशकात उभारलेल्या उन्नत महामार्गाने नॉर्थ एंडला उर्वरित शहरापासून तोडले आणि तो हटविण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. धुळ्यात महामार्ग शहरातून जात होता तोवर तोच बाजार झाला, आणि वाहतूक शहराबाहेरच्या रस्त्याने गेल्यानंतरही बाजार जुन्याच जागी राहिला.

ओट्यावरची नजर कोणाची?

जुन्या मोहल्ल्याचे गुणगान करताना अभ्यासकाने एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. ओट्यावरून गल्लीवर जी नजर असते ती सर्वांवर सारखी नसते. ब्रिग्जच्या सवलतींचा पहिला उल्लेख व्यापाऱ्यांचा आहे. ज्यांच्यापाशी पेढी नव्हती, आणि ज्यांच्या स्पर्शाचाच त्या समाजास विटाळ होता, त्यांच्या वस्त्या त्या काळातील इतर गावांप्रमाणे येथेही कडेलाच राहिल्या. क्रमांकाच्या गल्ल्यांतून ते रोज पायी जात. पण तेथे राहत नव्हते.

मोहल्ल्यांच्या सीमारेषांवर रक्तही सांडलेले आहे. १८९५ मध्ये गणपतीच्या मिरवणुकीवरून धुळ्यात दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मरण पावली. त्या घटनेच्या आठवणीने एका मशिदीस व एका गणपतीस 'खुनी' हे विशेषण कायमचे चिकटले. त्याच मशिदीसमोर पुढे पालखी थांबण्याची आणि मशिदीतून तिच्यावर फुले वाहिली जाण्याची प्रथा पडली, ही गोष्ट शहर अभिमानाने सांगते. परंतु ऑक्टोबर २००८ मध्ये पुन्हा दंगल उसळली, आणि जानेवारी २०१३ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला. प्रथा आणि दंगल या दोन्ही त्याच अरुंद रस्त्यांवर घडल्या. पायी चालण्याचे नगर माणसांना समोरासमोर आणते. समोरासमोर आल्यावर ते काय करतील हे रस्ता ठरवीत नाही.

जळगावची तुलना येथे उपयोगी आहे. ते रेल्वेने वाढविलेले शहर; १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशाचे मुख्य ठिकाण जळगाव ठरले आणि धुळ्याकडे पश्चिम खानदेश राहिला. जुन्या जळगावात कार्तिकी एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो. १८७२ मध्ये अप्पा महाराजांनी तो सुरू केला. तो गल्लीबोळांतून फिरतो आणि त्याच्या अवजड चाकांना मोगऱ्या लावून त्यास वळण देणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते काम करीत आले आहेत. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो. एवढा मोठा रथ एवढ्या लहान वळणांतून नेण्याचे कसब हे जुन्या गावाच्या नकाशाचे वर्षातून एकदा होणारे वाचनच म्हणावे लागेल. त्याच शहराने पुढे महापालिकेसाठी सतरा मजली इमारत बांधली. तिच्या जिन्याशी गल्लीचा संबंध उरला नाही, हा भाग वेगळा.

कायमच्या बिनभाड्याचे पर्यवसान

२००३ मध्ये धुळे नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. वाढ झाली ती पांझरेपलीकडे देवपुरात, साक्री रस्त्याकडे, वाडीभोकर रस्त्याकडे. या वसाहतींत घर आणि दुकान वेगळे झाले, आणि दूध आणण्यासाठीही दुचाकी काढण्याची सवय लागली. जुन्या गल्ल्यांतील सुस्थितीतील कुटुंबे मोटार लावण्यास जागा नाही, या कारणाने तिकडे गेली. ज्या अरुंदपणामुळे मोहल्ला चालता झाला, तोच आता तो सोडण्याचे कारण झाला आहे.

परंतु मोटारीपेक्षा खोल कारण जमिनीच्या हक्कात आहे. कायमची बिनभाड्याने मिळालेली जागा विकण्याची घाई कोणाला नव्हती. ती वारशाने उतरत गेली. पाच-सहा पिढ्यांनंतर एका अरुंद मिळकतीवर अनेक वारसांची नावे लागतात. त्यांतील कोणी पुण्यास, कोणी सुरतेस, कोणी परदेशी. दुरुस्तीला सर्वांची संमती मिळत नाही आणि विक्रीलाही नाही. खालचे दुकान बहुधा जुन्या भाडेकरूकडे असते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने आणि त्यानंतर ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण दिले. भाडे इतके थोडे, की त्यातून माडीची तुळई बदलणे मालकास शक्य नाही. आणि माडी भाडेकरूची नसल्याने ती बदलण्याचे त्याला कारण नाही. १८१९ ची आगाऊ रक्कम याच पेचावरचा उपाय होता. आज तशी रक्कम कोणी मागितली, तर ती कोणाच्या नावे द्यावी, हा पहिला प्रश्न निघेल.

रस्ता रुंद करण्याच्या प्रस्तावात मात्र मिळकतीचा दर्शनी भाग तेवढा मोजला जातो. दर्शनी भागात येतात ते ओटा आणि दुकानाची पहिली खोली. त्या गेल्या तर मागे राहतात अंधारे कोठार आणि एक जिना. आज अनेक ठिकाणी तो जिना वरच्या गोदामाकडे जातो. सकाळी खालच्या दुकानाची फळी नेहमीप्रमाणे उघडते, गिऱ्हाइके पायी येतात, आणि माडीच्या सज्जाची दारे बंद असतात.